क्रिप्टॉनची जोडी कुणाशी? रसायनाच्या सोंगट्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला आमचे जुने घर आहे आणि भिंतीला भिंत लावून आबांचे. आबांची सगळी नोकरी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कमाटीबागेतली सकाळची फेरी बंद पडली आणि दुपार खायला उठू लागली. नातवाने मग त्यांना संगणकावर माहजाँग सॉलिटेअर लावून दिले. हा लेख त्यातून पुढे काय घडले त्याचा आहे. घरातल्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १४४ सोंगट्या पाच थरांत रचलेल्या असतात. जिच्यावर दुसरी सोंगटी नाही आणि जिची डावी किंवा उजवी एक बाजू मोकळी आहे तीच उचलता येते. सारख्या दोन सापडल्या की जोडी उचलायची आणि असे करत सगळा ढीग संपवायचा. सोंगट्या चार जणांनी खेळायच्या चिनी माहजाँगच्या, पण एकट्याने खेळायचा हा प्रकार संगणकावर आणला तो ब्रॉडी लॉकार्ड यांनी, १९८१ मध्ये. पुढे १९८६ साली तो ‘शांघाय’ या नावाने घरोघरच्या संगणकांवर पोचला.

आबांना खेळ आवडला, सोंगट्या नाही आवडल्या. “ही चिनी अक्षरं मला सगळी एकसारखीच दिसतात गं. आज आकार पाठ करतो, उद्या विसरतो. त्यांच्या जागी माझ्या ओळखीचं काही असतं तर?” असे ते मला एका दुपारी म्हणाले. त्यांची मुलगी, जिला मी ताई म्हणते, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. मी चित्रे काढते: पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानांच्या पाट्या, फरसाणाच्या पुड्या. ज्या खेळावर आबा खेळत होते त्यात आपली चित्रे घालायची सोय होती. तिघांनी मिळून रसायनाचा संच करायचे ठरले.

अडचण

अडचण पहिल्या दिवशी दिसली नाही, कारण आकडे फारच छान जुळले. सोंगट्या १४४ असल्या तरी चित्रे ४२ लागतात. त्यातली ३४ चित्रे प्रत्येकी चार वेळा येतात, म्हणजे १३६ सोंगट्या. उरलेली आठ एकेकटी: चार फुले आणि चार ऋतू. ताईने बोटे मोजली आणि तिचा चेहरा उजळला. अणुक्रमांक १ ते ३४ म्हणजे हायड्रोजनपासून सेलेनियमपर्यंत, आणि पुढची आठ म्हणजे ब्रोमीनपासून मॉलिब्डेनमपर्यंत. बेचाळीस चित्रे, बेचाळीस मूलद्रव्ये. खेळता खेळता मुलांची आवर्तसारणी पाठ होईल, हा तिचा आनंद खरा होता आणि मलाही तो लागला. चार दिवसांत मी इंकस्केप या चित्रे काढायच्या प्रणालीत बेचाळीस चौकोन काढले. प्रत्येकात इंग्रजी संज्ञा, कोपऱ्यात अणुक्रमांक, गटाप्रमाणे रंग.

आबा खेळायला बसले आणि दहा मिनिटांत डोळे चोळू लागले. पडद्यावर सोंगटी अंगठ्याच्या नखाएवढी असते. पहिल्या चौतीस मूलद्रव्यांत ‘सी’ने सुरू होणारी सहा आहेत: कार्बन, क्लोरीन, कॅल्शियम, क्रोमियम, कोबाल्ट, तांबे. ‘एन’ची चार, ‘एस’ची चार. प्रत्येक सोंगटी आधी वाचायची, मग तिची जोडी शोधायची. हा खेळ मुळात वाचायचा नाही, नजरेने टिपायचा आहे, हे आम्ही तिघेही विसरलो होतो.

तरी आबा चिकाटीने खेळत राहिले, कारण आम्ही मेहनत घेतली होती. मग एक जोडी आपोआप उचलली गेली आणि ते खुर्चीत सरळ बसले.

“क्रिप्टॉन ब्रोमीनशी कशी जुळली?”

खेळाचा नियम असा की चार फुले हुबेहूब सारखी नसली तरी कुठलेही फूल कुठल्याही फुलाशी जुळते. ऋतूंचेही तसेच. आमच्या क्रमात फुलांच्या जागी ब्रोमीन, क्रिप्टॉन, रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम येऊन बसली होती: एक हॅलोजन, एक राजवायू, एक अल्क धातू आणि एक अल्कधर्मी मृदा धातू. आवर्तसारणीत शेजारी, स्वभावाने चार दिशांना तोंडे. आबा रागावले नाहीत, पण त्यांना ते मनापासून लागले. “मुलं हेच शिकतील ना,” एवढेच म्हणाले. आकडे जुळण्याच्या आनंदात आम्ही खेळाला रसायनाबद्दल खोटे बोलायला लावले होते.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री ताईच्या ओट्यावर बसून तीन वाटा बोललो.

पहिली म्हणजे मूलद्रव्येच ठेवायची, अक्षरे मोठी करायची, आणि फुले-ऋतूंच्या जागी एकाच गटातली मूलद्रव्ये घालायची, उदाहरणार्थ चार हॅलोजन. काम कमी होते. पण ‘सी’च्या सहा सोंगट्यांचा प्रश्न तसाच राहणार होता.

दुसरी ताईची. ज्योत परीक्षणाचे, म्हणजे धातूचा क्षार ज्योतीत धरला की तिला येणारे रंग घ्यायचे: सोडियमची पिवळी, पोटॅशियमची फिकट जांभळी, कॅल्शियमची विटकरी, बेरियमची पोपटी, तांब्याची हिरवी-निळी. दिसायला हा संच फार सुंदर झाला असता आणि तो सोडताना मला आजही थोडे वाईट वाटते. दोन कारणांनी सोडला. लिथियम आणि स्ट्रॉन्शियम दोघांचीही ज्योत किरमिजी, प्रयोगशाळेतही नवख्याची फसगत होते, मग सोंगटीवर काय होणार? दुसरे कारण घरातलेच. ताईच्या यजमानांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. कॅल्शियम आणि बेरियमचे नमुने त्यांच्यासमोर धरले तर ते म्हणाले, “दोन्ही मातकट.” हा रंगदोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि आबांच्या दुपारच्या मंडळात सगळे पुरुषच. निव्वळ रंगावर उभी असलेली सोंगटी बाद, हे तिथेच ठरले.

तिसरी वाट मला सुचली ती जुन्या चिनी सोंगट्यांकडे नीट पाहिल्यावर. त्यात तीन घराणी असतात, वर्तुळांचे, बांबूंचे आणि अक्षरांचे, प्रत्येकात एक ते नऊ. शिवाय चार वारे, तीन ड्रॅगन, चार फुले, चार ऋतू. या प्रत्येक घराण्याला आपापली चित्रभाषा आहे, म्हणून नजर आधी घराणे पकडते आणि मग नग. रसायनाला एका रांगेत उभे करण्याऐवजी खेळाच्या प्रत्येक घरात शोभेल असे रसायन शोधायचे. काम तिप्पट होणार होते. आबांनी तिसऱ्या वाटेला हात वर केला आणि ताईने, जरा उशिराने, मान डोलावली.

काय केले

वर्तुळांच्या घराण्याला अणू सहज बसले. हायड्रोजनला एक इलेक्ट्रॉन, फ्लोरीनला नऊ, मधली सगळी ओळीने. पहिल्या आराखड्यात मी शाळेतल्यासारखी दोन गोल कवचे काढून त्यावर ठिपके समान अंतरावर मांडले. मोठे करून पाहिले तर छान, मूळ आकारात पाहिले तर नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लोरीन यांत काही फरक कळेना. बाहेरच्या कवचात पाच, सहा की सात ठिपके, हे नजर मोजत नाही.

तोडगा ताईने फळ्यावरच्या सवयीतून काढला. गिल्बर्ट लुइस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये ठिपके अणूच्या चार बाजूंना जोडीजोडीने मांडायची पद्धत दिली, तीच घ्यायची. आतली जोडी मधोमध. नायट्रोजनच्या एका बाजूला जोडी आणि तीन बाजूंना एकेक. ऑक्सिजनच्या दोन बाजूंना जोड्या. फ्लोरीनच्या तीन बाजूंना जोड्या आणि एकच बाजू एकटी. आता मोजावे लागत नाही. रिकामी जागा कुठे आहे ते दिसते, आणि अणू बंध का करतो तेही त्या रिकाम्या जागेतूनच समजते. या नऊ सोंगट्यांवर आमचे आठ दिवस गेले आणि ते सत्कारणी लागले असे मला वाटते.

बांबूंच्या जागी आधी मिथेनपासून नोनेनपर्यंत कार्बनच्या नागमोडी साखळ्या घेणार होतो, एक ते नऊ. कागदावर उत्तम. पण हेप्टेन आणि ऑक्टेन शेजारी ठेवले की दोन्ही पायजम्याच्या नाडीसारखे दिसत. ते सोडून प्रयोगशाळेतली भांडी घेतली: परीक्षानळी, चंचुपात्र, शंकुपात्र, गोल बुडाचा चंबू, नरसाळे, ब्युरेट, पिपेट, स्पिरिटचा दिवा आणि बाष्प गार करून गोळा करायचे लांब चोचीचे जुने पात्र. हे शेवटचे आबांच्या हट्टामुळे. १९०७ मध्ये आपल्या गावात निघालेल्या एलेंबिक कंपनीच्या नावाचा अर्थच तो, ऊर्ध्वपातनाचे पात्र. कंपनीच्या संस्थापकांपैकी त्रिभुवनदास गज्जर हे १८९० साली सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेचे पहिले प्राचार्य. “हे पात्र नसेल तर संच बडोद्याचा कसा?” हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला खोडता आला नाही.

भांड्यांत भांडण झाले ते ब्युरेट आणि पिपेटचे, दोन्ही उभ्या काड्या. शेवटी ब्युरेटला स्टँड आणि तोटी दिली, पिपेटचा मधला फुगा ठसठशीत केला आणि परीक्षानळी तिरकी धरली. मग शंकुपात्रातला रंग. अनुमापनाचे, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव घालून रंग पालटताच थांबायच्या मोजणीचे, म्हणून मी त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचा झकास राणी रंग भरला होता. आबांनी चष्मा वर सरकवला. “हे कुणी केलं? हा शेवट चुकलाय. फिनॉल्फ्थॅलीनचा शेवट म्हणजे जेमतेम गुलाबी, पांढऱ्या टाइलवर धरल्याशिवाय दिसू नये इतका. एवढा गडद झाला म्हणजे थेंब जास्त पडले, पुन्हा पहिल्यापासून.” मी रंग फिका केला. सोंगटी पांढरीच असल्यामुळे तो गुलाबी तिच्यावर बरोबर तसाच दिसतो, जसा त्यांना टाइलवर दिसत असे.

अक्षरांच्या घराण्यावर भाषेचा प्रश्न आला. मंडळात आम्ही मराठी घरे आहोत तसे गुजराती शेजारीही आहेत. शाळेचे शब्द दोन्हीकडे वेगळे. मराठीत परीक्षानळी तर गुजरातीत कसनळी. म्हणून भांड्यांवर नावे घातलीच नाहीत. पण जुन्या काळापासून माहीत असलेली नऊ मूलद्रव्ये घेतली तेव्हा गंमत झाली. सोने, चांदी, तांबे, लोखंड, पारा, कथील, शिसे, गंधक, कोळसा. गुजरातीत सोनुं, चांदी, तांबुं, लोढुं, पारो, कलाई, सीसुं, गंधक, कोलसो. शिसे सोडले तर पहिले अक्षर दोन्ही भाषांत एकच! सो, चां, तां, लो, पा, क, गं, को. चिनी अक्षरांच्या जागी ही ठळक अक्षरे बसली आणि वाचायची गरज न पडता अक्षराचा आकारच खूण झाला.

वारे आणि ड्रॅगन पटकन झाले. वाऱ्यांना द्रव्याच्या चार अवस्था: बर्फाचा खडा, थेंब, वाफ आणि प्लाझ्मासाठी वीज. आधी कणांचे ठिपके काढले होते, पण ते अणूंच्या ठिपक्यांत मिसळले. ड्रॅगनना आम्ल, आम्लारी आणि क्षार: तांबडा लिटमस, निळा लिटमस, मिठाचा घनाकार खडा.

उरली ती आठ सोंगट्यांची जागा, जिथे आधी चूक झाली होती. हुबेहूब सारखे नाही तरी जुळते, असे रसायनात काय आहे? एकदा प्रश्न असा पडल्यावर उत्तर शोधावे लागले नाही. ऋतूंच्या जागी कार्बनची अपरूपे: हिरा, ग्राफाइट, ग्राफीन, फुलरीन. रूप निराळे, मूलद्रव्य एकच. फुलांच्या जागी समघटक, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी असे रेणू, आणि ब्युटेनॉलची रचनेने वेगळी अशी अल्कोहोले बरोबर चार: सरळ साखळीचे, शेंड्याला फाटा असलेले, मधल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असलेले आणि एका कार्बनभोवती सगळे जमलेले. चौघांचे रेणुसूत्र एकच. माझ्या मते या संचात रसायन खऱ्या अर्थाने कुठे असेल तर या आठ सोंगट्यांत आहे. बाकीच्या सोंगट्यांवर रसायनाची चित्रे आहेत. इथे खेळाचा नियमच रसायनाचा नियम झाला आहे.

चाचणी आणि दुरुस्ती

रविवारी सकाळी सेव-उसळीच्या निमित्ताने सहा जणांना बोलावले: आबांचे चार मित्र, ताईच्या दोन विद्यार्थिनी. आम्ही मागे उभे राहून काही न बोलता पाहायचे असे ठरवले होते. ताईला ते फार जड गेले.

तीन गोष्टी कळल्या. निवडलेली सोंगटी आम्ही फक्त पिवळसर केली होती, ती कुणाच्या लक्षात येईना. तिला जाड काळी किनार दिली. दुसरे, हिरा आणि ग्राफाइट जुळले की सगळे दचकत. एका काकांनी तर खेळ बिघडला म्हणून आम्हाला हाक मारली. चौघे एकाच घरचे आहेत हे सोंगटीवर दिसतच नव्हते. म्हणून अपरूपांना षटकोनी चौकट आणि समघटकांना पाकळ्यांची चौकट घातली. आत काहीही असो, चौकट जुळली की जोडी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि ती एका विद्यार्थिनीने काढली. तिने ‘को’ची सोंगटी हिऱ्याशी जुळवायचा प्रयत्न केला. खेळाने नाकारले. “काकू, कोळसाही कार्बनच ना? मग का नाही?” तिचे बरोबर होते. कार्बन तीन ठिकाणी आला होता: अणूंत, अक्षरांत, अपरूपांत. अणूंच्या रांगेतून त्याला काढता येत नव्हते, पण तिथे तो ठिपक्यांची मांडणी म्हणून येतो, पदार्थ म्हणून नाही. कोळसा मात्र सरळ त्याच घरचा. दोन दिवस वाद झाला. ताई म्हणे असू दे, प्रश्न तर पडला. आबा म्हणाले, “प्रश्न पडावा, पण उत्तर चुकीचं मिळू नये.” कोळसा काढला.

त्याच्या जागी जस्त आले. गुजरातीत जसत, म्हणजे अक्षर पुन्हा तेच, ‘ज’. आणि जस्ताला इथे बसायचा हक्क आहे. ते ९०७ अंश सेल्सियसला उकळते, म्हणून भट्टीत धातू मिळता मिळता वाफ होऊन उडून जाते. उदयपूरजवळ जावर इथे आपल्या लोकांनी मध्ययुगात ती वाफ खाली उतरवून गार करायची रीत बसवली आणि जस्त मोठ्या प्रमाणावर काढले. ऊर्ध्वपातनच ते, चोच खाली केलेले. आबांनी आपल्या आवडत्या पात्राकडे बोट दाखवून ते मंडळाला दोनदा समजावले.

निष्पत्ती

आबा आता रोज दुपारी याच संचावर खेळतात. सोंगट्या त्यांना वाचाव्या लागत नाहीत. मंडळातल्या तिघांनी आपापल्या संगणकावर संच लावून घेतला. ताईच्या वर्गात निकाल मिश्र आहे. खेळून कुणाचे इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन) पाठ झाले असे तिला दिसले नाही, आणि ते ती स्पष्ट सांगते. पण समघटकांचा धडा ती आता चार ब्युटेनॉलच्या सोंगट्या फळ्यावर लावून सुरू करते, आणि “ही वेगळी दिसतात तरी का जुळतात?” हे मुले स्वतः विचारतात.

पुन्हा करायचे तर

पहिले बेचाळीस चौकोन मी काढायलाच नको होते. त्याआधी कागदाचे तुकडे नखाएवढे कापून आबांसमोर टाकले असते तर एका संध्याकाळीत सगळे कळले असते. फुले आणि ऋतूंचा नियमही आम्ही शेवटची उरलेली जागा म्हणून भरला. तो आधी घ्यायला हवा होता, कारण विषय खेळात बसतो की नुसता चिकटतो हे तिथेच ठरते. लाल-हिरव्याची पडताळणी घरात माणूस होता म्हणून झाली. तो नसता तर आमच्या लक्षात आले नसते. आणि परीक्षेला बोलावलेले सगळे आमच्या ओळखीचे होते. गुजराती शेजाऱ्यांपैकी कुणी त्या रविवारी नव्हते, त्यामुळे ‘शि’ आणि ‘सी’चा घोळ नंतर उघडा पडला. तो अजून सुटलेला नाही. सध्या शिशाच्या सोंगटीवर अक्षराशेजारी ओळंबा काढला आहे.

आबांची एक मागणी मात्र पुढच्या खेपेसाठी मी लिहून ठेवली आहे. चौथ्या ब्युटेनॉलच्या पाकळीवर त्यांना दवाचा एक कण हवा आहे. हे ब्युटेनॉल साधारण २५ अंशांनाच गोठते. बडोद्याच्या जानेवारीत सकाळी कपाट उघडले की बाकीच्या तिन्ही बाटल्या पातळ आणि ही एक पांढरी, घट्ट. वापरायच्या आधी ती कोमट पाण्याच्या घमेल्यात उभी करून ठेवावी लागे, आणि ते काम नवा म्हणून कित्येक हिवाळे त्यांच्याकडेच होते.